शिवलेली नाळ

मणी सांडले तर आजी रागवायची नाही. "परात आण," एवढंच म्हणायची. मग तिच्यासमोर मांडी घालून मी लाल लालात, हिरवे हिरव्यात असे मणी निवडत बसायची. रुखवतासाठी, दारासाठी तिने केलेली मण्यांची तोरणं आमच्या गावात घरोघरी होती. मी मणी निवडायला शिकले, ओवायला शिकायचं राहून गेलं. आता तिच्या हातचं एकच तोरण उरलंय, त्याचाही दोरा कुजलाय आणि मधूनच एखादा मणी टपकन फरशीवर पडतो. ही रुखरुख मनात असतानाच मी अमेरिकेतल्या अरापाहो या आदिवासी जमातीतल्या बायकांच्या मणीकामाबद्दल वाचायला घेतलं आणि एका तपशिलापाशी थबकले.

अरापाहो घरात मुलगी जन्मली की तिची गळून पडलेली नाळ जपून ठेवत. गवत भरलेल्या, तळहातात मावेल एवढ्या चामड्याच्या पिशवीत ती शिवून टाकत. पिशवीचा आकार आपल्या शंकरपाळ्यासारखा, दोन्ही अंगांना मणी भरलेले. मुलगी ती कमरपट्ट्याला बांधून हिंडायची, झिजून जाईपर्यंत. आपण नाळ पुरतो, आणि 'माझी नाळ तिथं पुरलीय' असं गावाबद्दल बोलतो. बायसनच्या कळपामागे माळरान तुडवणाऱ्या या माणसांनी नाळ पुरायची तरी कुठं? त्यांनी ती लेकीच्या कमरेलाच बांधली. हा माझा आपला तर्क, पण मला तो फार जवळचा वाटतो.

हे सगळं लिहून ठेवलं आल्फ्रेड क्रोबर या तरुण अभ्यासकानं. 1899 आणि 1900 साली तो ओक्लाहोमा आणि वायोमिंगमधल्या अरापाहोंकडे गेला आणि प्रत्येक नक्षीचा अर्थ विचारत सुटला. त्याला मिळालेली उत्तरं वाचताना मला हरखून जायला होतं. तोच शंकरपाळी आकार कुणाला नाभी वाटायचा, कुणाला डोळा, कुणाला तळं, कुणाला तारा, कुणाला कासव. निळा रंग आभाळाचा, तसाच धुराचा आणि लांबून दिसणाऱ्या डोंगरांचाही. एकीनं सांगितलेला अर्थ दुसरीला लागू व्हायचाच असं नाही. ओव्यांसारखंच की हे! चाल सगळ्यांची, पण जात्यावर बसलेली बाई आपल्या मनातलं गाणार. आईनं लेकीला आकार द्यायचा, टाका द्यायचा. अर्थ लेकीनं आपल्या आयुष्यातून आणायचा. वारसा देण्याची याहून मोकळ्या मनाची रीत मला माहीत नाही.

मण्यांच्या आधी साळिंदराचे काटे होते. ते रंगवायचे, तोंडात भिजवून मऊ करायचे, चपटे करायचे आणि चामड्यावर बसवायचे. हे काम म्हणजे एक व्रतच होतं. बाळाचा पाळणा, पांघरायचं कातडं, तंबू, जे काही सजवायचं ते कुणाच्या तरी दीर्घायुष्यासाठी. या व्रताची राखण सात वृद्ध स्त्रियांकडे असे, त्यांच्याजवळ सात पवित्र पिशव्या असत आणि शिकणारीनं त्यांच्याकडूनच विधिपूर्वक विद्या घ्यायची. पुढे व्यापाऱ्यांबरोबर व्हेनिसचे आणि बोहेमियाचे काचमणी आले. मणी परदेशी, पण कुणासाठी तरी जीव ओतून बसायची सवय घरचीच होती.

मणीकामाचा टाका सांगायला सोपा. सुईत सात-आठ मणी ओवायचे, चामड्यावर आडवे निजवायचे, पलीकडे टाका घ्यायचा आणि तसंच परत यायचं. ओळीला ओळ लागली की नांगरलेल्या रानासारखे वरंबे उठतात. खरी मेख पुढे आहे. टाका चामड्याच्या आरपार जाऊ द्यायचा नाही, त्याच्या जाडीतल्या जाडीत वळवायचा, म्हणजे आतून दोरा दिसत नाही आणि जोडा घातला तर पायाला टोचत नाही. दोरा जास्त ओढला तर चामडं चुणतं, सैल सोडला तर मणी लोंबतात. नेमका किती ओढायचा हे कुठल्याही पुस्तकात उतरवता यायचं नाही. त्यासाठी शेजारी आजीच बसलेली हवी. मी हे लिहिते तेव्हा मला परात आठवते आणि घशाशी येतं.

आणि नेमक्या त्या आज्यांपासून मुलं तोडली गेली. 1878 साली उत्तरेकडच्या अरापाहोंना वायोमिंगच्या विंड रिव्हर रिझर्व्हेशनवर, म्हणजे आदिवासींसाठी राखून ठेवलेल्या प्रदेशात, आणून ठेवलं. 1881 साली तिथून काही मुलं रेल्वेनं दूर पेनसिल्व्हेनियात, कार्लाइलच्या सरकारी शाळेत नेली. तिथं केस कापायचे, कपडे बदलायचे, नाव बदलायचं, भाषा बोलू द्यायची नाही. त्यांतला लिटल चीफ चौदा वर्षांचा, हॉर्स अकराचा, लिटल प्लूम नऊचा. तिघंही दोन वर्षांच्या आत तिथंच गेले. त्यांच्या अस्थी घरी यायला 2017 आणि 2018 साल उजाडलं. नऊ वर्षांचं पोर आजीजवळ बसून मणी निवडायच्या वयाचं असतं. एवढं होऊनही हे काम टिकलं, कारण घरी राहिलेल्या बायकांनी सुई खाली ठेवली नाही.

आज विंड रिव्हरवर, ईथटी आणि अरापाहो या गावांत, पॉवाव या नाचगाण्यांच्या मेळाव्याच्या पोशाखांवर मणी चढतात. पदवी घेणाऱ्या नातवंडांच्या टोप्यांच्या कडाही आज्या-मावश्या मण्यांनी भरतात. अरापाहो भाषा अस्खलित बोलणारे मात्र थोडे, आणि बहुतेक वृद्ध. मणीकाम शिकवणाऱ्या आजीच्या तोंडून रंगांची आणि आकारांची अरापाहो नावं मुलीच्या कानावर पडतात, म्हणून मला हे काम नुसत्या कलाकुसरीहून मोठं वाटतं.

2024 च्या ऑक्टोबरात वायोमिंगच्या एपिस्कोपल चर्चनं 1946 पासून आपल्याकडे असलेल्या सुमारे 200 वस्तू उत्तर अरापाहोंना परत केल्या. बाहुल्या होत्या, मोकॅसिन म्हणजे चामड्याचे मऊ जोडे होते. त्यातला एखादा जोड कुणा शिकणाऱ्या मुलीच्या हाती पडला असेल, तर तिनं आधी वरची नक्षी पाहिली नसेल. तिनं तो उलटा करून आत बोट फिरवलं असेल, दोरा लागतो का ते चाचपायला. मग वरचे मणी मोजले असतील, एका ओळीत किती ते. सात. पुन्हा सात. मधला शंकरपाळ्याचा आकार करणारीला नाभी वाटला होता की तळं, हे आता विचारायला कुणी नाही. तिच्या डब्यात निळे मणी आहेत, सुई आहे, आणि समोरच्या खुर्चीत आजी अजून बसलेली आहे.