१९३ क्रमांकाची ओळ

राजस्थानात बगरूतल्या एका छीपा कुटुंबाकडे मी डाबू छपाईच्या जुन्या बुट्ट्या स्कॅन करत होते. घरातले थोरले, सगळ्यांचे काकोसा, पेटीतून विरलेले तुकडे काढून देत आणि ते अंगणालगतच्या खोलीतल्या डेस्कटॉपवर साठत. बाहेर काळ्या माती-चुना-डिंकाचा ओला वास, हरड्याने पिवळट झालेली थानं. आत हार्ड डिस्कची सारखी टकटक. चहा पिऊन यावं, फाइल उघडावी, तर पडदा गोठलेला.

एका दुकानाने फोनवरच निकाल दिला: डिस्क गेली, नवी घ्या. काकोसांनी गावातल्या दुरुस्तीवाल्या पोराला बोलावलं. त्याने आधी सगळे स्कॅन दुसऱ्या डिस्कवर उतरवले, मग कॅबिनेटला कान लावला. “दीदी, मरी नहीं है. इसे बार-बार सुलाया जा रहा है.”

पॉवर ऑप्शनमध्ये २० मिनिटांनी डिस्क बंद होत होती. तिथे त्याने ‘कधीच नाही’ केलं. गोठणं थांबलं, टकटक मात्र तशीच. मग पेन ड्राइव्हवरून लिनक्स लावून त्याने डिस्कचा अहवाल काढला. ५ आणि १९७ या ओळींत शून्य, म्हणजे खराब सेक्टर नाहीत. १९३ वर, लोड सायकल काउंटवर, त्याने बोट ठेवलं. आम्ही पाहत असतानाच आकडा वाढत होता. वीज वाचवायला डिस्कचं वाचणारं हेड क्षणभराच्या विसाव्यातही बाजूला जाऊन बसत होतं. “छापणाऱ्याने दर ठशाला ब्लॉक ठेवून हात धुऊन यावं, तसं,” तो म्हणाला. काकोसांना ते माझ्याआधी कळलं. अशा बऱ्याच डिस्का तीन लाख फेऱ्यांच्या हिशेबाने बनवतात, त्या अशा उगाच खर्ची पडतात.

एचडीपार्म या प्रोग्रॅमने त्याने डिस्कच्या वीजबचतीची, म्हणजे एपीएमची, पातळी २५४ वर नेली. टकटक थांबली. वीज गेली की डिस्क हे विसरते, म्हणून संगणक सुरू होताच विंडोजमध्येही तीच पातळी लागेल अशी सोय केली, आणि ५, १९७, १९३ हे तीन आकडे कागदावर लिहून मला समजावले. घाई कुठेच नव्हती.

काकोसांचे काही तुकडे पुढे हात लावताच सुटू लागले. त्यांची नक्षी स्कॅनमध्येच उरली आहे. डिस्क बिघडली म्हणून कोणी आलं, की मी आधी त्या तीन ओळी पाहते. एचडीपार्म लिहून मार्क लॉर्ड यांनी ते सगळ्यांना फुकट वापरू दिलं, त्यांचे उपकार आहेतच. पण ते त्या खोलीपर्यंत आणलं या पोराने. माझं देणं त्याचं.