वीतभर ओल

गेल्या दिवाळीत आमच्या घरी एक नवे पंचांग आले. ते खुंटीला अडकवायचे नव्हते. ते होते माझ्या मुलीच्या मोबाइलमध्ये, आणि होते चीनचे. फराळाला बसल्या बसल्या तिने विचारले, "बाबा, तुमचे जन्मसाल?" मी म्हटले, "1980." क्षणभर बोट फिरवून तिने निकाल दिला, "तुम्ही माकड!"

शाळामास्तराला ही पदवी नवी नसते. मुले ती पाठीमागे देतात, एवढेच. पण मुलगी पुढे वाचू लागली, "माकड हुशार, बोलके, दुसऱ्याची नक्कल करण्यात पटाईत. मात्र हाती घेतलेले काम पुरे करील याचा भरवसा नाही." माझ्या दोन अर्धवट कादंबऱ्या कपाटात पडून आहेत. सौ. चकल्यांच्या डब्याचे झाकण लावता लावता म्हणाली, "इतक्या लांबून चीनवाल्यांना हे कसे हो कळले?"

तिचे साल 1984, मुलीचे 2008. दोघीही उंदीर. उंदीर चतुर, काटकसरी आणि साठवण करणारा. डब्याचे झाकण घट्ट का लागले, ते मग माझ्या ध्यानात आले.

चिनी लोकांचे हे बारा प्राणी म्हणजे उंदीर, बैल, वाघ, ससा, ड्रॅगन, साप, घोडा, बोकड, माकड, कोंबडा, कुत्रा आणि डुक्कर. दर वर्षाला एक, आणि बारा वर्षांनी पुन्हा पहिला. त्यांची गोष्ट अशी की, स्वर्गीच्या राजाने प्राण्यांची शर्यत लावली. उंदीर बैलाच्या पाठीवर बसून नदी पार झाला आणि ऐनवेळी पुढे उडी टाकून पहिला आला. मांजराने त्याला "मला उठव" म्हणून सांगितले होते. तो उठवायला "विसरला". म्हणून बारांत मांजर नाही, आणि तेव्हापासून दोघांचे वैर. व्हिएतनाममध्ये मात्र सशाच्या जागी मांजराला बसवून हा अन्याय दूर केलेला आहे.

आम्ही खूप हसलो. पण हसता हसता मला खुंटीवरचे आपले पंचांग दिसले आणि हसू जरा आवरले. आपल्याकडे काय प्राण्यांचा तोटा आहे? नक्षत्रावरून प्रत्येकाला एक योनी चिकटलेली असते. घोडा, हत्ती, मेंढा, साप, कुत्रा, मांजर, उंदीर, गाय, रेडा, वाघ, हरीण, वानर, मुंगूस, सिंह. चिन्यांचे बारा, तर आपले चौदा! मी मघा नक्षत्राचा, म्हणजे उंदीर. सौ. पुनर्वसूची, म्हणजे मांजर. चिनी मताने माकड आणि उंदीर यांचे उत्तम जुळते. आपल्या मताने उंदीर-मांजराचे हाडवैर. पत्रिकेच्या छत्तीस गुणांत योनीचे चार. त्यांतला एकही आमच्या वाट्याला येत नाही. तरी संसाराला वीस वर्षे होत आली. चीन खरे की आपण, हे मी सौ.समोर ठरवू शकत नाही.

मग हे लग्न झाले कसे? माझ्या लग्नाच्या वेळी वडिलांनी पत्रिकेचा कागद बाहेरच काढला नाही. तेव्हा त्याचे कारण मला कळले नव्हते. कदाचित कळून घ्यायचे नव्हते.

वडील शेतकरी. देगलूरपासून होट्टलच्या वाटेवर आमचे थोडे रान आहे. त्यांना वाचता येत नसे. त्यामुळे पंचांग वाचण्याचा मान माझा. जूनच्या तोंडावर ते विचारीत, "बाळू, औंदा मिरगाचं वाहन काय हाय रे?" पावसाच्या नक्षत्रांचीही वाहने असतात. सूर्याच्या नक्षत्रापासून चंद्राच्या नक्षत्रापर्यंत मोजायचे, नवाने भागायचे आणि बाकी पाहायची. एक उरला तर घोडा, मग कोल्हा, बेडूक, मेंढा, मोर, उंदीर, म्हैस, गाढव, आणि काहीच उरले नाही तर हत्ती. बेडूक, म्हैस, हत्ती आले की पाऊस मुबलक. कोल्हा किंवा मेंढा आला की हात आखडता. मी वाचून दाखवी. वडील मान डोलावीत. म्हैस निघाली की हसत, कोल्हा निघाला की त्याला चार शिव्या देत.

पण पेरणी त्यांनी वाहनावर कधी केली नाही. पाऊस पडून गेला की ते रानात जात, उकिडवे बसत, हाताने माती उकरीत. वीतभर खाली ओल लागली तर तिफण जुंपायची, नाही तर थांबायचे. हत्तीवर बसून आलेल्या नक्षत्रातही ते थांबलेले मी पाहिले आहेत.

आता 1996 सालची गोष्ट. मी नुकताच मॅट्रिक झालो होतो. त्या उन्हाळ्यात माझ्याइतका विद्वान तालुक्यात कोणी नसावा. अक्काला एक स्थळ आले होते. मुलगा शांत, नोकरीचा, घर सालस. गुण अठराच्या बरेच वर जात होते. बैठकीत पाने-सुपारी फिरत होती. कुणी तरी कौतुकाने माझ्या हाती पंचांग दिले. मी कोष्टकावर बोट ठेवले आणि मोठ्याने म्हणालो, "मुलगी उत्तरा, म्हणजे गाय. मुलगा चित्रा, म्हणजे वाघ!"

मला वाटले, लोक हसतील. कुणीच हसले नाही. मुलाच्या चुलत्याने सुपारी खाली ठेवली. आमच्या आत्याने पदर तोंडाला लावला. बाकीचे गुण कुणीही पुन्हा मोजले नाहीत. आठ दिवसांनी नकार आला. वडील एका शब्दाने मला बोलले नाहीत. तो "वाघ" पुढे एकदा मला नांदेडच्या बसस्थानकावर दिसला. एका काखेत मूल, दुसऱ्या हातात पिशव्या, आणि बायको सांगेल त्या बसकडे मुकाट्याने चाललेला.

शेताच्या बाबतीत आम्ही माती उकरून पाहत होतो. मुलीच्या बाबतीत जनावराच्या नावावर थांबलो.

हे आपल्याकडेच घडते असे नाही. बारा प्राण्यांना पाच तत्त्वे जोडली की साठ वर्षांचे चक्र होते, आपल्या साठ संवत्सरांसारखेच. त्यात एक अग्नीचा घोडा येतो. त्या वर्षी जन्मलेली मुलगी नवऱ्याला घातक, अशी जपानात समजूत. 1966 हे ते वर्ष. 1965 मध्ये तिथे सुमारे 18 लाख 20 हजार मुले जन्मली होती. 1966 मध्ये सुमारे 13 लाख 60 हजारच. आगगाड्या आणि कारखाने जगाला दाखवणारा तो देश, पण एका घोड्याला भ्याला. साठ वर्षांनी, 2026 साली, तोच घोडा पुन्हा येतो. आपल्याकडच्या मूळ नक्षत्राच्या आणि मंगळाच्या मुलींना त्या जपानी मुलींचे दुःख सांगावे लागणार नाही.

अक्काचे लग्न पुढे तीन वर्षांनी मुखेडकडे झाले. भाऊजी आता नाहीत. शेत ती एकटी पाहते. अडतीवर तिच्याशी भाव करताना व्यापारी घाम पुसतात. तिला गाय म्हणण्याची हिंमत आता पंचांगालाही व्हायची नाही.

गेल्या भाऊबीजेला ती आली. ओवाळून झाल्यावर, निरांजन अजून ताटात असताना, मी इतक्या वर्षांनी ती गोष्ट काढली. म्हटले, "अक्का, त्या दिवशी मीच..."

"ठाऊक हाय," ती म्हणाली. "मी दाराआडच उभी होते. तू पोरगं होतास रे." मग थोडे थांबून, ताटातली सुपारी सरळ करीत म्हणाली, "समद्यांनी पंचांगाला विचारलं. मला कुणी इचारलं न्हाई, एवढंच."

मला काही बोलता आले नाही. तेवढ्यात मुलगी मोबाइल घेऊन धावत आली, "आत्या, तुझे साल कोणते?"

"शहात्तर."

"आत्या, तू ड्रॅगन! सगळ्यांत बलवान. चीनमध्ये पाऊस तोच पाडतो म्हणे!"

अक्का खळखळून हसली. "पाऊस पाडतो? मग वाहनाची कटकट मिटली." आणि उठता उठता माझ्याकडे वळून म्हणाली, "पोरीच्या वेळेला मात्र तिला आधी इचार बरं का, बाळू."

मुलगी अजून शिकते आहे, त्या गोष्टीला पुष्कळ अवकाश आहे. पण मी हो म्हटले आहे. माकड हाती घेतलेले काम पुरे करीत नाही, असे चिनी लोक म्हणतात. हे एक काम तरी पुरे करायचे आहे.