आवाज आला नाही, भाऊ

शनिवारची संध्याकाळ, उल्हासनगरचं गजानन मार्केट. बदलापूरचं गिऱ्हाईक दोन जीन्स घेतं, क्यूआर कोड स्कॅन करतं, पिन टाकतं. खात्यातून नऊशे रुपये गेल्याचा मेसेज येतो. गल्ल्यावरचा साउंडबॉक्स मात्र गप्प. "आवाज आला नाही, भाऊ," दुकानदार म्हणतो. गिऱ्हाईक मोबाइल पुढे करतं. दुकानदार नकारार्थी मान हलवतो. खोटे स्क्रीनशॉट त्याने पाहिलेले असतात.

घोटाळा नेमका कसला? पैसे उशिरा पोचताहेत, की पोचलेत पण दुकानदाराला कळलेलं नाही? सॉफ्टवेअरची अचूकता तपासणाऱ्यांपुढे हाच पेच उभा राहतो: नियम कालतर्कात मांडायचे की ज्ञानतर्कात?

कालतर्क, म्हणजे टेम्पोरल लॉजिक, न्यूझीलंडच्या आर्थर प्रायर यांनी १९५०च्या दशकात रचला तो तत्त्वज्ञानासाठी. इस्रायलच्या अमीर प्नुएली यांनी १९७७ मध्ये तो प्रोग्रॅमना लावला आणि १९९६चं ट्युरिंग पारितोषिक मिळवलं. त्याची सगळी मदार दोन शब्दप्रयोगांवर आहे: 'कधीच नाही' आणि 'कधी ना कधी'. अंबरनाथ-बदलापूर मार्गावर एका ब्लॉकमध्ये दोन गाड्या कधीच नसाव्यात. सिग्नलला थांबलेल्या गाडीला कधी ना कधी हिरवा मिळावा. नुसता पहिला नियम सगळ्या गाड्या जागच्या जागी उभ्या करूनही पाळता येतो. म्हणून दुसरा लागतो.

ज्ञानतर्क, म्हणजे एपिस्टेमिक लॉजिक, वेगळंच विचारतो: कोणाला काय ठाऊक आहे, आणि ते ठाऊक असल्याचं आणखी कोणाला ठाऊक आहे? फिनलंडच्या याक्को हिंतिक्का यांचं या विषयावरचं पुस्तक १९६२चं. अंबरनाथ स्थानकात फलाट बदलल्याची घोषणा झाली की सगळे एकदम पुलाकडे धावतात, कारण बाकीच्यांनीही ती ऐकली हे प्रत्येकाला माहीत असतं. तीच बातमी एकेकाच्या मोबाइलवर आली, तर जो तो काही न बोलता हळूच सटकेल. बातमी तीच, पण गर्दी वेगळी वागते.

जोसेफ हॅल्पर्न आणि योराम मोझेस यांनी १९८४ मध्ये दाखवलं, की निरोप पोचेलच अशी खात्री नसेल तर पोच, पोचेची पोच, तिचीही पोच असं कितीही पाठवा, घोषणेसारखं सामायिक ज्ञान तयार होत नाही. शेवटचा निरोप पोचला का, ही शंका उरतेच. ती पुरती फिटेपर्यंत थांबायचं असं ठरवणारा प्रोग्रॅम व्यवहार कायमचा अडकवून ठेवतो.

मग निवड कशी करायची? प्रस्तुत लेखक आधी कालतर्काला हात घालतो, कारण त्याची साधनं तयार मिळतात. अ‍ॅमेझॉनच्या अभियंत्यांनी लेस्ली लॅम्पोर्ट यांची कालतर्कावर बेतलेली टीएलए प्लस भाषा वापरली, तेव्हा डायनॅमोडीबी या त्यांच्या डेटाबेसमध्ये एक चूक सापडली. ती घडवणारा सर्वांत छोटा क्रमही ३५ पायऱ्यांचा होता; आधीच्या परीक्षणांतून आणि चाचण्यांतून ती निसटली होती. पण नियम सांगताना 'माहीत नसताना', 'कळू न देता' असे शब्द तोंडात येऊ लागले, की ज्ञानतर्काकडे वळावं. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात घडलेलं एमसीएमएएस हे साधन दोन्ही तपासतं.

रिझर्व्ह बँकेचं २० सप्टेंबर २०१९चं परिपत्रक या नजरेने वाचण्यासारखं आहे. यूपीआयने दुकानात पैसे भरताना ते खात्यातून गेले, पण दुकानात खात्री पोचली नाही, तर पुढच्या पाच दिवसांत रक्कम आपोआप परत. त्यापुढे दिवसाला १०० रुपये भरपाई. नियमाचा पहिला भाग ज्ञानाचा, दुसरा काळाचा. त्यातही नुसतं 'कधी ना कधी' चालत नाही, दिवस मोजावे लागतात. अशा मोजलेल्या वेळेसाठी ड्युरेशन कॅल्क्युलस आहे. त्यातली विधानं तपासणारं डीसीव्हॅलिड हे साधन मुंबईच्या टीआयएफआरमध्ये परितोष पंड्या यांनी बनवलं.

गजानन मार्केटमधला दुकानदार व्यवहाराचा बारा आकडी क्रमांक वहीत उतरवतो, शेजारी गिऱ्हाइकाचा नंबर. "आले तर मेसेज टाकतो. नाहीतर तुमच्याकडे परत येतील, तेव्हा मला पाठवा." गिऱ्हाईक पिशवी उचलतं आणि बदलापूर लोकलसाठी रिक्षाला हात करतं.