वाफ्याचे लाकूड

निवृत्तीनंतर परसबागेत भाजी लावावी, असे माझ्या वयाच्या अनेकांना वाटते. गुडघे साथ देत नाहीत, म्हणून जमिनीपासून फूट-दीड फूट उंच लाकडी वाफे सोयीचे पडतात. परंतु ते लाकूड वर्षानुवर्षे ओल्या मातीला लागून राहणार असते आणि त्या मातीतली मेथी, पालक नातवंडांच्या ताटात येणार असते. बँकेत कर्ज मंजूर करताना आम्ही तारणाचा पूर्वेतिहास तपासत असू; लाकडाचाही तसाच तपासावा.

आपल्यापैकी अनेकांच्या गोदामात परदेशी मालाबरोबर आलेली पॅलेट्स पडून असतात. माझ्या धाकट्या बंधूंनी ती मला विनामूल्य देऊ केली. त्यांवरील शिक्के मी वाचले. ‘एचटी’ म्हणजे गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअस उष्णता किमान ३० मिनिटे दिलेले लाकूड. ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेले. दुसरे तर नकोच होते. पहिलेही घेतले नाही, कारण प्रवासात त्यावर काय सांडले, हे शिक्का सांगत नाही. रेल्वेचे जुने लाकडी स्लीपर भक्कम दिसतात, पण त्यांत क्रिओसोट मुरलेले असू शकते. तांबे, क्रोमियम व आर्सेनिक मुरवलेले लाकूड तर अमेरिकेतही २००३ च्या अखेरीस घरगुती वापरातून बहुतांशी बाद झाले.

मग उरतो आपला साग. त्याच्या गाभ्यातील नैसर्गिक द्रव्यांमुळे वाळवी सहसा त्याच्या वाट्याला जात नाही. वाळवी मारण्यासाठी विष शिंपडण्यापेक्षा तिला न रुचणारे लाकूड निवडणे आपल्या संस्कारांनाही मानवते. मात्र तपकिरी गाभाच घ्यावा. बाहेरचा पांढरट भाग लवकर खराब होतो. पाडलेल्या घराचे सागवान मिळाल्यास उत्तम, पण रंगवलेले नको. जुन्या रंगात शिसे असू शकते. घरगुती रंगांतील शिशावर ९० पीपीएमची मर्यादा २०१७ मध्ये लागू झाली.

साग महाग आहे, हे खरे. परंतु घसाऱ्याचा हिशेब मांडावा. आंब्याची स्वस्त फळी काही पावसाळ्यांतच कुजते. सागाची किंमत तो टिकेल तितक्या वर्षांत विभागली जाते. फळ्यांखाली विटा ठेवाव्यात, तळ उघडा ठेवावा, म्हणजे पाणी साचत नाही. हात फिरवायचाच असेल, तर जवसाचे कच्चे तेल पुरे.

बंधूंना माझा नकार प्रथम खटकला. कारण ऐकल्यावर मात्र त्यांनी स्वतःच्या गच्चीवरील वाफ्यांसाठीही सागाचीच चौकशी केली.