दोन ठिकाणी मोजावे



भाषेच्या अभ्यासपुस्तिकेत डिझेलवर चालणाऱ्या हीटरची हकिकत कशासाठी, असा प्रश्न आपल्या मनात येणे स्वाभाविक आहे. तीस वर्षे मी भाषाविज्ञान शिकवत आलो आहे. लक्षण कोणते आणि कारण कोणते, हे वेगळे करावयास मी वर्गात नेहमी सांगत असतो. ते स्वतः मात्र मी शिकलो इंग्लंडमधल्या एका कालव्यात, नौकेच्या लाकडी फरशीवर गुडघे टेकून, दुसऱ्याच्या हाताला विजेरीचा उजेड दाखवताना.

काही वर्षांपूर्वी डिसेंबर महिन्यात मी भाच्याकडे राहावयास गेलो होतो. तो, भाचेसून आणि त्यांची चार वर्षांची मुलगी यांचे घर म्हणजे एक लांबट नौका आहे. तिला तेथे नॅरोबोट म्हणतात. कोळसा आणि इतर माल वाहून नेण्यासाठी अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये कालव्यांचे मोठे जाळे खणले गेले. नौका वर-खाली नेणारी जलद्वारे पुष्कळ ठिकाणी सुमारे 7 फूट रुंदीचीच बांधली गेली. त्यामुळे या नौकांची रुंदी 7 फुटांहून किंचित कमी असते, लांबी मात्र 70 फुटांपर्यंत जाते. आगगाडीचा एखादा डबा पाण्यावर ठेवावा, तसे हे घर. ज्यांच्या नौकेला कायमची जागा नसते, त्यांना एका ठिकाणी सामान्यतः 14 दिवसांहून अधिक थांबता येत नाही. त्या आठवड्यात आमचा मुक्काम ब्रॉन्स्टन या गावाजवळ होता. ऑक्सफर्ड कालवा आणि ग्रँड युनियन कालवा तेथे एकमेकांस मिळतात.

त्या संध्याकाळी पारा शून्याच्या खाली गेला आणि काठालगतच्या पाण्यावर बर्फाचा पातळ पापुद्रा धरला. नौकेत कोळशाची शेगडी होती. परंतु तिच्या धुराड्याच्या सांध्याला तडा गेल्याचे दोनच दिवसांपूर्वी आढळल्याने भाच्याने ती बंद ठेवली होती. सारी भिस्त डिझेलच्या हीटरवर होती. कळ दाबताच पंख्याची घरघर सुरू झाली, इंधनाच्या पंपाची टिकटिक ऐकू येऊ लागली आणि तीन-चार मिनिटांनी सारे शांत झाले. यंत्राने आपणहून पुन्हा एकदा प्रयत्न केला आणि मग हार मानली. छोट्या पडद्यावर एक आकडा उमटला. माहितीपुस्तिकेत त्यापुढे लिहिले होते: पेटण्यात अपयश, इंधनपुरवठा तपासा.

शब्दांवर जगणारा मनुष्य मी. छापील शब्द मिळताच माझे समाधान झाले. "डिझेल गोठले असणार," मी ठामपणे सांगितले. हे अगदीच निराधार नव्हते. कडाक्याच्या थंडीत डिझेलमधील मेणासारखे घटक घट्ट होतात आणि गाळणी तुंबते. भाच्याने मात्र मला बाहेर नेऊन नौकेच्या कडेचे धुराचे तोंड दाखवले. "मामा, वास घ्या. मघाशी इथून पांढरा धूर येत होता. तो न जळलेल्या डिझेलचा. म्हणजे डिझेल आत पोचतंय, पण पेट घेत नाही."

माझा सिद्धांत तिथेच संपला. तरी सल्ले संपले नाहीत. नात स्वेटरवर स्वेटर घालून पांघरुणात बसली होती आणि तिच्या श्वासाची वाफ दिसत होती. ते पाहून मी म्हणालो, "तोवर स्वयंपाकाचा गॅस पेटवून ठेवू. आणि त्या झरोक्यांतून गार वारा येतोय, त्यांत टॉवेल कोंबतो." एरवी माझ्याशी अदबीने बोलणारा भाचा त्या क्षणी कठोर झाला. "नाही मामा. यातलं काहीही करायचं नाही." गॅसची शेगडी ऊब घेण्यासाठी नसते. बंदिस्त जागेत ज्योतीला पुरेशी हवा मिळाली नाही की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. माणसाला झोप आल्यासारखे वाटते आणि तो उठत नाही. त्या झरोक्यांतून येणारा गार वारा हाच तेथील माणसांचा प्राण होता. मी हातातला टॉवेल मुकाट्याने खाली ठेवला. दहा वाजेपर्यंत हीटर पेटला नाही तर गावातल्या खाणावळीत खोली घ्यायची, असे भाचेसुनेने ठरवले आणि आम्ही कामास लागलो.

आता यंत्राची रीत थोडी समजून घेऊ. बंद कोठीत हवा आणि थोडे थोडे डिझेल सोडले जाते. ग्लो प्लग नावाची एक छोटी कांडी विजेने लालबुंद तापते व डिझेलला पेट देते. ज्योत स्थिरावली की कांडीचे काम संपते. म्हणजे वीज सर्वाधिक लागते ती आरंभी. पुढे फक्त पंखा आणि पंप चालवायचा असतो.

भाच्याने प्रथम हवेचा आणि धुराचा मार्ग मोकळा आहे ना, ते पाहिले. मग मल्टिमीटर काढला. बॅटरीवर 12.5 व्होल्ट. हीटरच्या तारांवरही जवळजवळ तितकेच. "मग वीज ठीक आहे," मी म्हणालो. तो म्हणाला, "आत्ता कुणी ओझं उचलत नाहीये, मामा." त्याने यंत्र पुन्हा सुरू केले आणि कांडी तापत असतानाच दोन्ही ठिकाणी मोजले. बॅटरीवर 12.3 आणि हीटरपाशी 10.9.

बॅटरी धडधाकट होती. मधल्या वाटेत कुठेतरी 1.4 व्होल्ट हरवत होते. हा आकडा लहान वाटतो. परंतु तापणाऱ्या कांडीची उष्णता व्होल्टच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. म्हणजे कांडीला जवळपास एकपंचमांश उष्णता कमी मिळत होती. भाच्याने तारेवरून हात फिरवत नेला आणि एके ठिकाणी थांबला. फ्यूज बसवायची डबी कोमट लागत होती. साऱ्या गारठलेल्या नौकेत तेवढीच एक जागा उबदार होती! उघडून पाहिले तर आतल्या तांब्याला हिरवा कळंक चढलेला. कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात ताक ठेवल्यावर चढतो, तसाच.

"तार थेट जोडून टाकू," हा माझा शेवटचा सल्ला. फ्यूज हा अडथळा नसून राखणदार आहे, असे सांगून भाच्याने तोही नाकारला. त्याने कळकलेला भाग कापून नवी डबी बसवली, कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारे यंत्र कळ दाबून तपासले आणि मगच हीटर सुरू केला. आधीच्या प्रयत्नांत साचलेल्या डिझेलचा पांढरा धूर काही वेळ निघाला, मग विरळ होत थांबला. साडेनऊच्या सुमारास नातीने एक स्वेटर काढला.

मित्रहो, आपण स्वनिमांचा अभ्यास करताना 'पाट' आणि 'पाठ' यांसारख्या जोड्या मांडतो. बाकी सारे तेच ठेवून एकच ध्वनी बदलतो, म्हणूनच अर्थातला फरक कशामुळे पडला ते निश्चित सांगता येते. भाच्याने तेच केले. क्षण तोच, भार तोच; बदलली ती केवळ मोजण्याची जागा. आणि 'जग' म्हणजे दुनिया व 'जग' म्हणजे जिवंत राहा, हे दोन शब्द कागदावर सारखे दिसतात, त्यांतील 'ज'चा भेद उच्चारताच कळतो. निवांत तारेचा दोषही तसाच, ओझे पडल्यावाचून प्रकट न होणारा.

हे सारे मला ठाऊक होते. तरी मी एका छापील ओळीवर विसंबलो. त्या रात्री झोप लागेना, ती थंडीमुळे नव्हे. मला आठवत होते आमच्या अभ्यासकेंद्रावरचे एक विद्यार्थी. वीस वर्षांच्या खंडानंतर पदवीला बसलेले, दूध संकलन केंद्रावर पहाटपाळी करणारे गृहस्थ. त्यांच्या तीन स्वाध्यायांवर मी एकच शेरा लिहिला होता: 'भाषा कच्ची आहे.' पुढे एका संमंत्रण सत्रात ते आपल्या गावची बोली आणि पत्नीच्या माहेरची बोली यांतील फरकावर दहा मिनिटे बोलले. इतके नेमके विवेचन मी पदव्युत्तर वर्गातही क्वचित ऐकले आहे. मला आश्चर्य वाटले, पण माझा शेरा चुकला असेल, असे मनात आले नाही. बॅटरी भरलेली होती. बोलणे आणि लिहिणे यांमधल्या सांध्यावर वीस वर्षांचा कळंक चढला होता आणि मी त्याला 'कच्ची भाषा' असे नाव देऊन मोकळा झालो होतो.

परतल्यावर मी त्यांना उत्तर आधी मोठ्याने सांगावयास आणि मग जसे सांगितले तसेच लिहावयास सुचवले. पुढच्या स्वाध्यायात चुका होत्याच. परंतु मजकूर त्यांचा होता, आणि तो चांगला होता. आधीच्या तीन स्वाध्यायांवर माझा शेरा अजून तसाच असेल.

म्हणून आपणांस एवढेच सुचवतो. अभ्यास अडला की 'मला जमत नाही' हा आकडा पडद्यावर लगेच उमटतो. त्यावर विसंबू नका. दोन ठिकाणी मोजा. वाचलेले घरातल्या कुणाला तोंडी सांगून पाहा, मग तेच घड्याळ लावून लिहून पाहा. सांगता आले आणि लिहिता आले नाही, तर वाचन वाढवून उपयोग नाही. लिहिण्याचा सराव हवा. सांगताही आले नाही, तर पुस्तकाकडे परत जा. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला, म्हणजे कशाने काम झाले ते पुढच्या वेळीही आपल्याला ठाऊक असेल.