उंच गाडी, मऊ गाडी

आपल्याकडे जीपवाल्या मंडळींमध्ये एक समज फार घट्ट आहे. गाडी पुढून जितकी वर, तितकी ती 'ऑफरोडिंग'ला भारी. त्यात पुढे लोखंडी गार्ड, वर चार दिवे, की झालं! फोटो झकास येतो. पण त्या गाडीत मागच्या नव्हे, पुढच्या सीटवर बसून कुणी दहा किलोमीटर गाडरस्त्याने गेलंय का, हे फोटोत दिसत नाही.

आता तुम्ही म्हणाल, एवढं काय बिघडलं? जीप म्हटलं की हाडं खिळखिळी होणारच. मलाही तसंच वाटत आलं होतं. पण आमच्या घरी हा प्रश्न हौसेचा राहिला नाही, म्हणून हा लेख.

थोडी पार्श्वभूमी. आमचं घर बोदवडला आणि शेत गावापासून सहा-सात किलोमीटरवर. कोरडवाहू, काळी जमीन, मुख्य पीक कापूस. मी पुण्यात कोड लिहितो, अण्णा तिकडे शेती बघतात. अण्णांनी तीन वर्षांपूर्वी एक जुनी थार घेतली. २०१६ चं मॉडेल, अडीच लिटरचं सीआरडीई इंजिन. आधीचा मालक हौशी. त्याने पुढचा भाग कसून वर घेतलेला आणि त्यावर जाडजूड लोखंडी गार्ड चढवलेला. अण्णांना गाडी आवडली. आपटत होती, पण ते म्हणाले, "बैलगाडीत लहानाचा मोठा झालो भो मी, मले काय होतं!"

गेल्या वर्षी मे महिन्यात अण्णांच्या मणक्याचं ऑपरेशन झालं. कमरेतला मणका, वय एकाहत्तर. डॉक्टरांनी तीन महिन्यांनंतर गाडीत बसायला परवानगी दिली, पण सांगितलं की दणके बसता कामा नयेत. ताईचं म्हणणं सरळ होतं: थार विकून टाका, एखादी साधी गाडी घ्या. पण साधी गाडी पावसाळ्यात त्या रस्त्याने शेतापर्यंत जात नाही. म्हणजे गाडी विकायची तर अण्णांचं शेतात जाणं बंद. वेचणी तोंडावर आलेली. अण्णा काही बोलले नाहीत, आणि ते बोलत नाहीत तेव्हाच घरात सगळ्यांना जास्त काळजी वाटते.

मी दिवाळीला आठ दिवसांची सुट्टी टाकली आणि म्हटलं, विकायच्या आधी निदान बघू तरी ही गाडी नेमकी का आपटते.

तर मंडळी, आधी थोडं तंत्र. (कंटाळा आला तर पुढचे तीन परिच्छेद सोडा, पण सोडू नका, मजा आहे.)

जुन्या विलिस जीपला पुढेही पाटे आणि मागेही पाटे. महिंद्राने चाळीसच्या दशकाच्या शेवटी त्या जीप इथे जोडायला सुरुवात केली आणि पाट्यांची ही परंपरा आपल्याकडे पुढे कित्येक वर्षं चालली. २०१० मध्ये थार सीआरडीई आली तेव्हा मागे पाटेच राहिले, पण पुढे टॉर्शन बार आला. (२०२० च्या नव्या थारला मात्र चारही चाकांवर गोल स्प्रिंगा आहेत. त्यामुळे हा लेख जुन्या थारवाल्यांसाठी.) टॉर्शन बार म्हणजे काय? एक लांब पोलादी सळई, चासीच्या बाजूने मागे गेलेली. तिचं एक टोक चाकाच्या आर्मला, दुसरं टोक चासीला. चाक वर गेलं की सळई पिळली जाते, ओलं फडकं पिळतो तशी. पिळा सुटायला बघतो आणि चाक परत खाली ढकलतो. बस्स, हीच स्प्रिंग. कल्पना जुनी आहे. फर्डिनांड पोर्शे यांच्या कचेरीने १९३१ मध्ये तिचं पेटंट घेतलं, १९३४ च्या सिट्रोएन ट्रॅक्शन अव्हाँमध्ये ती आली, आणि नंतर रणगाड्यांतही. अहिल्यानगरच्या, म्हणजे आपल्या जुन्या अहमदनगरच्या, रणगाडा संग्रहालयात कधी गेलात तर पॅटन रणगाड्याची चाकं बघा. एवढं वजन असल्याच पिळलेल्या सळयांवर उभं आहे.

सळईच्या चासीकडच्या टोकाला एक छोटा आर्म आणि त्याला एक बोल्ट असतो. तो कसला की गाडी वर, सैल केला की खाली. आणि इथेच सगळा गोंधळ होतो. गॅरेजमध्ये सर्रास सांगतात, "बोल्ट कसला, आता सस्पेन्शन कडक झालं." तसं होत नाही! सळई किती कडक हे ठरतं तिच्या जाडीवर, लांबीवर आणि पोलादावर. जाडी तर चौथ्या घातात मोजावी लागते, म्हणजे सळई दहा टक्के जाड केली की कडकपणा सुमारे शेहेचाळीस टक्के वाढतो. बोल्टाने यातलं काहीच बदलत नाही. गाडीचं वजन तेवढंच, म्हणून सळईचा पिळाही जवळपास तेवढाच. बदलतो तो फक्त चाकाचा आर्म कुठल्या कोनात लटकतो तो.

मग वर घेतलेली गाडी आपटते का? चाकाला दोन दिशांना हलायला जागा लागते. उंचवटा आला की वर, खड्डा आला की खाली. दोन्ही टोकांना रबरी अडसर असतात. गाडी वर घेतली म्हणजे आर्म आधीच खालच्या अडसराजवळ जाऊन बसला. आता खड्डा आला की चाकाला खाली जायला जागाच नाही. आर्म अडसरावर ठण्णकन आदळतो आणि मागोमाग सगळी गाडी त्या खड्ड्यात पडते. सळई बिचारी मऊच आहे, तिला काम करायला वाव नाही. आमच्या गाडीखाली घुसून बघितलं तर आर्म आणि खालचा अडसर यांच्यात जेमतेम एक बोट मावत होतं.

मणक्याशी याचा संबंध असा. बसलेल्या माणसाचं शरीर सेकंदाला साधारण चार ते आठ वेळा होणाऱ्या उभ्या हादऱ्यांना सगळ्यात जास्त वैतागतं. आरामदायी गाडीची स्प्रिंग त्याहून खूप हळू झुलते, सेकंदाला एक ते दीड वेळा. सेकंदाला एकदा झुलायचं तर वजनाखाली स्प्रिंग सुमारे पंचवीस सेंटिमीटर दबलेली असायला हवी, दीड वेळा झुलायचं तर अकरा, दोन वेळा झुलायचं तर सहा. थोडक्यात, आराम हवा तर चाकाला हालचालीची मोकळी जागा द्या. आणि आमच्याकडे तीच हौसेपोटी संपवून टाकलेली.

त्यात आमची काळी माती. पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसते, हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावरचा डांबरी रस्तासुद्धा दोन-चार वर्षांत लाटांसारखा होतो, आणि गाडरस्त्यावर तर ओल्यात पडलेल्या चाकोऱ्या वाळून दगडासारख्या होतात. असल्या रस्त्यावर दगड चढण्यापेक्षा खड्ड्यात उतरणं जास्त, म्हणजे चाकाला खाली जायची जागा जास्त महत्त्वाची.

असो. आता प्रत्यक्ष काम.

आमच्या पेशात एक नियम असतो: एका वेळी एकच गोष्ट बदला आणि लिहून ठेवा. तोच इथे लावला. अण्णांची कापसाच्या हिशेबाची वही घेतली, मागच्या पानावर तक्ता आखला. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत चारही चाकांची उंची. (जमिनीपासून मोजू नका. टायरमध्ये हवा कमी-जास्त असली की आकडा बदलतो.)

पहिली पायरी फुकटची. टायरमधली हवा. पंपावरच्या पोराने चाळीसच्या वर भरून ठेवलेली. मॅन्युअलमध्ये दिलेल्या आकड्यावर आणली. तेवढ्यानेच बारीक थरथर बरीच कमी झाली.

दुसरी पायरी, पुढचा गार्ड काढला. तसाही डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राने असल्या गार्डांवर कारवाई करायला राज्यांना कळवलंय. काढून काट्यावर ठेवला तर अडतीस किलो भरला. वजन गेल्यावर गाडी पुढून अजून जवळपास एक सेंटिमीटर वर आली, म्हणजे आता बोल्ट आणखी सैल करायला हवे.

तिसरी पायरी बोल्टांची. गावातल्या मिस्त्रींना सोबत घेतलं, कारण पिळलेल्या सळईत केवढी ताकद साठलेली असते ते विसरून चालत नाही. पुढचा भाग जॅकने उचलला, चासीखाली दोन घोड्या लावल्या, चाकं लटकती ठेवली. त्याने सळईवरचा ताण कमी होतो आणि बोल्टाचे आटे खराब होत नाहीत. बोल्टावर पांढऱ्या रंगाची खूण केली, आटे ब्रशने साफ करून ग्रीस लावलं. दोन्ही बाजूंना दोन-दोन पूर्ण फेरे सैल. गाडी खाली, गल्लीतून एक चक्कर, दोन-तीनदा पुढे-मागे, मगच मोजणी. जॅकवरून नुकत्याच उतरवलेल्या गाडीची उंची मोजली तर ती खोटी येते. आमच्या गाडीत एका फेऱ्याला साधारण पाच-सहा मिलिमीटर फरक पडत होता. डावी-उजवी सारखी करताना अण्णांना पुढे बसवलं आणि ड्रायव्हरच्या जागी मी बसलो, कारण गाडी रिकामी धावणार नाहीये. एकूण पस्तीस मिलिमीटर खाली आणली. आता आर्म आणि अडसरामध्ये तीन बोटं मावतात.

मिस्त्री म्हणाले, "अजून खाली घेऊ, अजून मऊ होईल." नाही. आणखी खाली घेतली की मग वरचा अडसर जवळ येतो आणि उंचवट्यावर तसाच दणका बसतो. मधोमध जिथे दोन्हीकडे वाव आहे तिथेच थांबायचं. गाडी पांढऱ्या खुणेवरून कधीही परत वर नेता येते, हा दिलासा आहेच.

चौथी पायरी, शॉकअप. पुढचे दोन्ही तेल गळून मेलेले. स्प्रिंग गाडीला झुलवते, शॉकअप ते झुलणं थांबवतो. तो मेला की गाडी एका खड्ड्याचं उत्तर तीन वेळा देते. नवे, कंपनीच्याच मापाचे टाकले. शेवटी भुसावळला जाऊन अलाइनमेंट. ही पायरी टाळू नका. उंची बदलली की चाकांचे कोन बदलतात, आणि आमचे पुढचे टायर एका बाजूने झिजलेले होतेच. हेडलाइटही परत लावून घेतले, कारण पुढून वर असलेल्या गाडीचा उजेड समोरच्याच्या डोळ्यात जातो.

एक गोष्ट मात्र सुटली नाही. मागचे पाटे. ते ओझ्यासाठी बनवलेत, रिकाम्या गाडीत ते कडकच लागणार. पाटे साफ केले, थोडा फरक पडला, पण मागच्या सीटवर अजून दणके बसतात. त्यामुळे अण्णा फक्त पुढे बसणार, हा नियम. आणि गाडी ते स्वतः चालवणार नाहीत, हा ताईचा नियम. तो त्यांनी अर्धा दिवस न जेवता मान्य केला.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी निघालो. कमरेला पट्टा, सीटवर उशी, दुसऱ्या गिअरमध्ये. शिवारात शिरल्यावर मी चाकोरीतून उतरताना दरवेळी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होतो. शेवटी तेच म्हणाले, "माझ्याकडे नको पाहू, रस्त्याकडे पाह्य." थोड्या वेळाने म्हणाले, "आता ठण्ण वाजत नाही." एवढंच. दुसरं कौतुक त्यांच्याकडून आजवर मिळालेलं नाही, त्यामुळे हे मी जपून ठेवलंय.

नाल्यापुढचा शेवटचा एक किलोमीटर मात्र असा आहे की तिथे कुठलीच स्प्रिंग पुरी पडणार नाही. डॉक्टरांनी चालायला सांगितलंच आहे. तेव्हा गाडी नाल्याशी निंबाखाली उभी राहते, आणि तिथून अण्णा काठी घेऊन चालत जातात. वेचणीच्या काळात आठवड्यातून दोनदा गेले. ताईने गाडी विकायचा विषय अजून सोडलेला नाही, पण आता तो दर रविवारऐवजी महिन्यातून एकदा निघतो.

त्या वहीच्या मागच्या पानावर माझ्या तक्त्याखाली आता अण्णांच्या अक्षरात नवे आकडे आहेत. दर महिन्याच्या एक तारखेला ते टेप घेऊन चारही चाकांची उंची मोजतात, आणि समोर एका रकान्यात लिहितात: कंबर बरी, कंबर ठीक, कंबर दुखते. गेल्या तीन महिन्यांत तिसरी नोंद एकदाच आहे. त्या दिवशी ते गाडीत बसलेच नव्हते, कापसाची गाठोडी उचलत होते!