फडताळ

बदलीच्या नोकरीत माणूस सामानाच्या बाबतीत फार लवकर शहाणा होतो. जे पेटीत मावत नाही ते घ्यायचे नाही आणि जे भिंतीला ठोकावे लागते त्याकडे पाहायचेही नाही, हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही. लोखंडी ट्रंकेवर पांढऱ्या रंगाने नाव घालावे. गाव घालू नये, ते बदलणारच असते. आमच्या कपड्यांचे सारे आयुष्य अशा ट्रंकांतच गेले.

म्हणून जबलपुरातील गोरखपूर या बाजारवस्तीत, निवृत्तीनंतरच्या घरात कपड्यांसाठी कपाट करून घेण्याचे ठरले, तेव्हा आम्ही जरा बिचकलोच. सौभाग्यवतींनी मात्र त्याला पहिल्यापासून फडताळच म्हटले. जुन्या वाड्यांच्या जाड भिंतींच्या पोटात फडताळे नि कोनाडे सहज मावत. नऊ इंची भिंतीला असले पोट कुठले? तेव्हा आमचे फडताळ भिंतीत नव्हे, भिंतीला लागून उभे राहणार होते.

मिस्तरी जाणते होते. मापे घेण्याआधी त्यांनी आत काय काय ठेवायचे ते विचारले. टांगलेल्या कोटाला दोन फूट खोली हवी, घडीच्या लुगड्यांना दीड फूट पुरते. फळी पाऊण इंच जाड, त्यांच्या भाषेत ‘छह सूत’. तिला तीन फुटांच्या आत आधार हवाच, कारण लांबी दुप्पट झाली की तेच वजन फळीला आठपट वाकवते. बाहेरच्या भिंतीशी पट्ट्या ठोकून बोटभर फट राखायची, म्हणजे पावसाळ्यात कपड्यांना बुरशी धरत नाही.

मग त्यांनी खरा प्रश्न विचारला, “साहब, दीवार में कस दें? फिर निकालेंगे तो टूटेगी.”

चिरंजीव पुण्याहून दर आठवड्याला फोनवर ‘आता इकडेच या’ म्हणतात. इतके दिवस आम्ही ‘पाहू’ म्हणत आलो. भिंतीत पेच गेल्यावर ‘पाहू’ म्हणता येणार नव्हते.

पण या गावात त्या प्रश्नाला दुसरी बाजू आहे. २२ मे १९९७ च्या पहाटे येथे ५.८ तीव्रतेचा भूकंप झाला. घरे पडली, माणसे दगावली. उंच कपाट मोकळे असेल तर अशा धक्क्यात निजलेल्या माणसावर येते. हलवता यावे म्हणून मोकळे ठेवलेलेच घात करते.

आम्हांला १९५६ सालची मंडळी आठवली. तोवर नागपूर हीच या प्रांताची राजधानी. नागपूरचा माणूस येथे बदलून आला तरी आपल्याच राज्यात असे. १ नोव्हेंबरला विदर्भ मुंबई राज्यात गेला, जबलपूर नव्या मध्य प्रदेशात राहिले. माणसे जागची हलली नाहीत; राज्यच त्यांच्या भोवतालून बदलले. त्यांतल्या कित्येकांनी येथेच घरे केली, मुले वाढवली, गणपती बसवले. परके राहण्यासाठी कोणी भिंती बांधत नाही.

“कस दीजिए,” सौभाग्यवती म्हणाल्या. आम्ही मान डोलावली.

चिरंजीवांना अद्याप काही सांगितलेले नाही. सर्वांत वरचा खण मात्र त्यांच्या अंथरुणा-पांघरुणांच्या मापाचा करून घेतला आहे. सुटीत ते आले म्हणजे पाहतीलच.